निळ्या दारासमोर

"आणि यांना काय देऊ?" तांबोशी धुता धुता मालसुन मावशीनं विचारलं.

"कुणाला?" नारेनं मागे वळून पाहिलं. मागे होती वामांची टाकी. तिच्यात वामा एकमेकींच्या गळ्यात गळे घालून लोळत होत्या.

"तुझ्याबरोबर आलेत ना, ते. केव्हाचे उभे आहेत बिचारे. ओलेचिंब झालेत."

जागलचीच्या मासळीबाजारात कोरडं असतं तरी कोण? फरशी ओली, रबरी बूट ओले, नोटा ओल्या, कोळणींच्या शिव्यासुद्धा ओल्याच. नारे खो-खो हसली. "मावशी, चष्मा बदला आता! एकटीच आलेय मी. आजचा बाजार मीच करणार म्हणून आईशी भांडून आलेय."

मावशीनं मान वर केली. नारेच्या खांद्यावरून तिची नजर पलीकडे गेली आणि तिथंच अडकली. मासा तिनं कागदात बांधला, डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा, श्राद्धाला लागतो तसा.

"सरळ घरी जा, पोरी. उगाच रेंगाळू नकोस."

नारे सतरा वर्षांची होती. गेल्याच महिन्यात ती शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, आणि तेव्हापासून जगातल्या कुठल्याही माणसाला आपण बोलण्यात गुंडाळू शकतो अशी तिची खात्री झाली होती. पण आज घरून निघताना आईनं दोनच वाक्यांत तिला गप्प केलं होतं. "एवढा एक दिवस तो येऊन पोटभर जेवू दे. मग माझं काही मागणं नाही."

तीन वर्षांपूर्वी बाबा माकुल धरायला बोटीवर गेले. ना बोट परत आली, ना बाबा. आईनं तीन वर्षं श्राद्ध घातलं नाही. ज्याचं प्रेत कुणी पाहिलं नाही त्याला मेला कसं म्हणायचं? यंदा मात्र तिनं आपणहून दिवस धरला, बोट निघाली तोच. रात्रीचा विधी सूर्य बुडतानाच उरकायचं ठरलं, कारण पहाटे तीनला तिला लिलावात मासळी निवडायला जावं लागे.

मिनीबसमध्ये नारेशेजारची जागा रिकामी होती. गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक मुलगी तिथं बसली आणि चटका बसल्यासारखी उठली. "ई! मासळीचं पाणी सांडलंत का हो?"

"नाही बाई! माझी पिशवी तर मांडीवर आहे."

मुलीचा स्कर्ट मागून ठिबकत होता. नारेनं सीटला बोट लावलं आणि जिभेला टेकवलं. खारट होतं. आणि गार, इतकं गार की भर ऑगस्टात तिची दातखीळ बसायची बाकी राहिली.

गामचॉनला, आपल्या वस्तीपाशी, उतरली तेव्हा डोंगरभर पर्यटकांची नेहमीची जत्रा होती. गुलाबी, हिरवी, जांभळी घरं, भिंतीवरच्या चित्रांपुढे फोटोसाठी रांगा. नारे गर्दीतून वाट काढत पायऱ्या चढू लागली. दहाएक पायऱ्यांनंतर तिला ते दिसलं. तिच्या पावलांशेजारी दुसरी पावलं उमटत होती. अनवाणी, ओली. उजवं पाऊल स्वच्छ, डावं जरा फरपटलेलं.

बाबांचा डावा पाय बोटीवर दोर ओढायच्या यारीत सापडला होता, तेव्हापासून ते असेच चालत.

पण भीतीच्या आधी तिच्या तोंडून शब्द निसटले. "बाबा, मी वक्तृत्वात पहिली आले!"

पावलं थबकली. मग पुन्हा उमटू लागली. आता हिला कोण थांबवणार? गणिताच्या बाई, आईची कंबर, तुटलेला नळ, सगळं सांगत ती चढत राहिली, आणि येणारेजाणारे तिच्याकडे वेडी म्हणून पाहत राहिले.

घराच्या बोळात मात्र पावलांनी तिची साथ सोडली. ती पावलं समोरच्या पियो आजोबांच्या निळ्या दाराशी गेली आणि तिथं पाण्याचं थारोळं साचू लागलं.

बाबा गेले तेव्हा नारेचं घर निळं होतं. गेल्या वसंतात सगळी वस्ती नव्यानं रंगवली. आई म्हणत होती, निळाच राहू दे. नारेनंच हट्ट करून पिवळा घेतला होता.

"बाबा, इकडे! आपलं घर हे!"

थारोळं हललं नाही. दार उघडलं आणि पियो आजोबा मूठभर खडेमीठ घेऊन बाहेर आले. "कोण आहे रे दाराशी मघापासून? चल, चालू लाग!"

"आजोबा, मीठ नका टाकू! बाबा आहेत माझे!"

आजोबांचा हात हवेतच राहिला. ते थारोळ्याकडे बघत राहिले.

नारे धावत आपल्या गच्चीवर चढली. पाण्याच्या टाकीला धरून तिनं जीव खाऊन हाक मारली, "बाबा! पिवळं घर, बाबा! इकडे या!"

सूर्य बंदरात बुडत होता. खालची गर्दी एकाएकी ओसरली होती. आणि पार तळाची पायरी ओली झाली. मग तिच्यावरची. एक जोडी पावलं, दुसरी, पाचवी, दहावी. आवाज कसलाच नाही, नुसतं पाणी वर चढत होतं.

"अगं कार्टे, 'बाबा' म्हणून हाक मारलीस?" आजोबांचा आवाज चिरकला. "या डोंगरावरच्या किती पोरांचे बाप समुद्रात गेलेत, माहीत आहे का? नाव घेऊन बोलावतात!"

नारेनं तोंड उघडलं. पण बापाचं नाव एकेरीत ओरडायचं? कुठल्याही सभेत न अडणारी तिची जीभ टाळूला चिकटून बसली.

शिडी करकरली. आई वर आली होती. हातात बाबांचा जुना सदरा. लग्नाला वीस वर्षं झाली, पण 'नारेचे बाबा' याखेरीज आईनं त्यांना कधी कशानं हाक मारली नव्हती. आणि हा सदरा फडकवून बोलावणं म्हणजे माणूस गेला हे कबूल करणं. आईनं सदऱ्याची कॉलर धरली. उत्तरेकडे, मेलेल्यांच्या दिशेला, तोंड करून तो फडकवला.

"मा ग्वांग-सॉप!" तिचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. "मा ग्वांग-सॉप! मा ग्वांग-सॉप, जेवायला ये!"

पायऱ्यांवरचं पाणी थांबलं. निळ्या दारासमोरची पावलं वळली. बोळ ओलांडून, डावं पाऊल फरपटत, पिवळ्या उंबऱ्यातून आत गेली.

आई घाईनं खाली उतरली. आतून बाबांसाठीच्या भातात रोवलेला चमचा वाडग्यावर वाजल्याचा आवाज आला, आणि मग आईचा आवाज, रोजच्यासारखा, थोडा चिडका. "किती उशीर केलास."

नारे गच्चीवरच होती. खाली पायऱ्यांवर बाकीचे उभे होते. दिसत कुणीच नव्हतं, पण प्रत्येक पायरीवर पाणी ठिबकत होतं. कुणी पुढे येईना, कुणी मागे जाईना. तिनंच बोलावलं होतं त्यांना.

ती उतरली. ओल्या ठशांवर पाय पडणार नाही अशी भिंतीला घासत खाली गेली आणि समुद्रात माणूस गमावलेल्या पहिल्याच घराच्या हिरव्या दाराची कडी वाजवली.

"काकू," ती म्हणाली, "भात उरलाय का थोडा? तुमच्याकडे कुणीतरी आलंय."