शिकवलेला साक्षीदार

माझा वकील दिराला फितूर झालाय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तुम्हीच सांगा, कोर्टाच्या पायऱ्यांवर जो माणूस दिराच्या वकिलाशी हात मिळवतो, वर त्याच्या मुलाबाळांची चौकशी करतो, त्याचा काय भरवसा?

नवरा गेला आणि वर्षाच्या आत दिराने रंग दाखवले. दोघा भावांनी या परक्या देशात येऊन सुतारकामाचा कारखाना उभा केला होता. भावाभावांत कसला आलाय कागद! आता दीर म्हणत होता, "दादा माझ्याकडे कामाला होता." म्हणजे कारखान्याच्या वरच्या ज्या दोन खोल्यांत मी आणि माझी मुलगी राहत होतो, त्याही त्याच्याच. खोल्या रिकाम्या करा म्हणून नोटीस आली. अर्धा धंदा माझ्या नवऱ्याचा होता हे सांगणारा माणूस एकच, लाकूड आणणारा टेम्पोवाला. त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणायचे.

"भोंग्याला कधी भेटताय?" मी वकिलाला विचारलं.

"मी कशाला भेटू? इथे साक्षीदाराला न्यायाधीशच प्रश्न विचारतात. आपण आधी पढवलं असं वाटलं, तर त्यांचा विश्वासच उडतो. तुम्हीही त्याच्याशी या विषयावर बोलू नका."

वा रे वा! लग्नाआधी मी तिकडे आपल्या देशात एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होते. उजळणी करून घेतल्याशिवाय आमचे साहेब साक्षीदाराला कोर्टाची पायरी चढू देत नसत. उलटतपासणीत कोण कुठे अडकेल, ते आधीच घोटून घ्यायचे. आणि हा शहाणा म्हणतो, बोलू नका! केस बुडवायचीच असेल तर माणूस आणखी काय करतो?

मी थेट भोंग्याचं घर गाठलं. त्याची मला धास्तीच होती. लाकडाचा विषय काढला तरी हा टेम्पोच्या टायरवर घसरणार. म्हणून एकच वाक्य दिलं आणि चहा थंड होईपर्यंत म्हणवून घेतलं. "यापुढे एक अक्षर बोलायचं नाही. कळलं?"

"कळलं, वहिनी."

कोर्टाची खोली म्हणजे साधं लांब टेबल आणि पाण्याचा जग. न्यायाधीशबाई भोंग्याला म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा."

भोंग्याने डोळे मिटले. "दोघे बंधू सदर व्यवसायात समान भागीदार होते, हे मला प्रत्यक्ष माहीत आहे."

"समान भागीदार म्हणजे काय?"

भोंग्याने माझ्याकडे पाहिलं आणि तेच वाक्य जरा मोठ्याने म्हटलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वहिनींनी. पाठ झालंय ना बरोबर?"

माझ्या वकिलाने कपाळाला हात लावला. फितूर माणूस असा पांढराफटक पडत नाही, हे मला तेव्हा कळलं. बाईंनी चष्मा काढला. पढवलेल्या साक्षीला मी काहीही किंमत देणार नाही, असं सांगून त्यांनी भोंग्याला जायला सांगितलं.

बाहेर येऊन मी त्याच्यावर उखडले. "अरे, माझं नाव कशाला घेतलंस?"

"मग खोटं बोलू? तुमचं वाक्यच नको होतं, वहिनी. मी आपलं रंधा मशीनचं सांगणार होतो. मशीन मी दारात आणलं, तर तुमच्या दिरांनी परत पाठवलं. म्हणाले, दादाला विचारल्याशिवाय घेता येणार नाही, धंदा दोघांचा आहे. एवढं धूड मी पुन्हा टेम्पोत चढवलं. पाठ मोडली माझी!"

"आत जाऊन सांगा ना हे!" मी वकिलाची बाही धरली.

"आता सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "हेही तुम्हीच शिकवलं, असं वाटेल त्यांना."

दीर समोरच्याच बाकावर होता. भोंग्याचं बोलणं त्याला ऐकू न जायला तो काही बहिरा नव्हता. त्याने मान खाली घातली आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेला.

घरी मुलीने दारातच विचारलं, "आई, खोल्या आपल्याच राहिल्या ना?"

मी खुर्चीवर चढून माळ्यावरचे रिकामे खोके खाली काढायला लागले.