दुसरं मडकं

पोपटी लावावी ती रात्रीच, असं केरू म्हात्रेचं पक्कं मत होतं. पण रोह्याच्या ख्रिस्ती मंडळीतल्या निम्म्या लोकांना सोमवारी धाटावच्या कारखान्यांत सकाळची शिफ्ट, म्हणून रविवारी दुपारी चारलाच मडकं लावायचं ठरलं. केरूनं सवयीप्रमाणे कुरकुर केली आणि मुकाट कामाला लागला.

मंडळीत नवं कुटुंब आलं की त्यांच्यासाठी काहीतरी रांधायचं, प्रार्थनेच्या हॉलमागं सगळ्यांनी गोल बसून खायचं आणि नव्या माणसानं आपल्या गावाची एक आठवण सांगायची, अशी इथली रीत होती. थंडीचे दिवस असले की रांधायचं म्हणजे पोपटीच, जाळात मडकं ठेवून भाजलेल्या वालाच्या शेंगा. आणि पोपटी केरूच लावणार. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस कंपनीतून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाला होता आणि वालाच्या शेंगा निवडताना सुनेलाही हात लावू देत नव्हता.

या वेळी मात्र त्याचा हात चालत नव्हता. नवा आलेला निकेश डोलवीचं कंत्राटी काम सोडून धाटावला लागला होता. बायको वैशाली जन्माची ख्रिस्ती, तो लग्नानंतर विश्वासात आलेला. मागच्या रविवारी उपासनेत उभं राहून त्यानं सांगितलं, "गाव वडमाळ. पेण तालुका, हमरापूरच्या पुढं." आणि केरूच्या हातातलं गीतपुस्तक खाली पडलं. वडमाळ हे केरूचंच गाव. गावात अर्धी घरं म्हात्र्यांची, त्यामुळे आडनावावरून पोराला काही कळलं नाही, आणि केरूनंही "मी पण पेणकडचाच" एवढ्यावर भागवलं.

केरू बावीस वर्षं त्या गावात गेला नव्हता. बाप्तिस्मा झाला त्या वर्षीच्या थंडीत थोरल्या भावानं, गोविंदानं, नेहमीसारखं पोपटीला बोलावलं होतं. मडकं उघडलं आणि गोविंदानं पहिली मूठ शेताच्या राखणदाराला म्हणून बांधावर ठेवली. बापानं ठेवली, आज्यानं ठेवली, तशी. केरूच्या अंगात तेव्हा नव्या विश्वासाचा ताठा होता. तो भरल्या शेतात उभा राहून म्हणाला, "देवाला दाखवलेलं मी खात नाय. तुमचं तुम्हाला लखलाभ." स्कूटरला किक मारली आणि निघाला. आरशात गोविंदा दिसत होता, हातात शेंगांचा कागदी पुडा घेऊन मागं धावणारा. केरूनं गिअर बदलला.

हे त्याला कुणी करायला सांगितलं होतं म्हणावं, तर तेही नाही. त्या वेळचे पाळक ऐकून उलट रागावले होते. "अरे, भाऊ बोलावतो तर जायचं, मनात उपकार मानायचे आणि खायचं. माफी मागून ये." पण तोंडातून गेलेलं परत कोण घेतो? या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं करता करता केरूनं मनाशी एक सोयीचं ठरवून टाकलं: दादा रागावलाय, तो आपलं तोंड बघायचा नाही. हे एकदा ठरल्यावर जायची गरजच उरली नाही.

मागच्या दसऱ्याच्या आसपास पुतण्याचा, हर्षदचा, फोन आला. "काका, बाबा गेले. सगळं आटोपलं." एवढंच. केरू दुसऱ्या दिवशी एसटीनं पेणला गेला, स्टँडवर दोन चहा प्याला, वडमाळची गाडी समोर लागली, सुटली, तो बाकावरच बसून राहिला. कुठल्या तोंडानं जायचं? संध्याकाळी घरी येऊन त्यानं बायकोला, सरूला, सांगितलं, "जाऊन आलो. वयनी रडली." सरूनं विश्वास ठेवला. ती त्याच्यावर विश्वास ठेवत आली होती, हेच त्याला जास्त टोचायचं.

आता गावचा पोर समोर होता. केरूला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. दादा शेवटपर्यंत रागावलेला होता, एवढं कुणीतरी सांगावं. मग दोष दोघांत वाटला गेला असता.

भांबुर्ड्याचा पाला तळाला, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, केळीच्या पानात बांधलेलं चिकन, अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबलेला. केरूनं मडकं उलटं ठेवलं, भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या आणि काडी लावली. मंडळी गोल बसली. पाळकसाहेबांनी छोटी प्रार्थना केली आणि निकेशकडे बघून हसले. "बोला, वडमाळकर."

निकेश लाजला. मग म्हणाला, "आता पोपटीच लावलीय, तर पोपटीचंच सांगतो. आमच्या गावाला गोविंदा काका होते. पावसाळ्यापर्यंत हमरापूरच्या कारखान्यात गणपतीच्या रंगाला जायचे, थंडीत वाल. ते पोपटीला दोन मडकी लावायचे."

केरूनं काठीनं जाळ सारखा केला. तो अगोदरच सारखा होता.

"एक मोठं, सगळ्यांचं. त्यातली पहिली मूठ राखणदाराला. आणि एक लहान. त्याच्यावर कारखान्यातल्या पांढऱ्या रंगाचं बोट ओढलेलं, चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून. त्या मडक्यातलं कुणाला दाखवायचं नाय, असा काकांचा नियम. आम्ही पोरं विचारायचो, काका, हे कोणाचं? तर म्हणायचे, रोह्याच्या पाव्हण्याचं. त्याला दाखवलेलं चालत नाय."

"मग यायचा का पाहुणा?" वैशालीनं विचारलं. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"कधीच नाय. काका आपले बांधावर बसून रस्त्याकडं बघत. स्कूटरचा आवाज आला की उभे राहायचे. दिवेलागणीला मग ते मडकं उघडायचे आणि आम्हा पोरांना वाटायचे. वाटताना प्रत्येकाला म्हणायचे, 'घे, ह्यातलं कुणाला दाखवलेलं नाय, खुशाल खा.' आम्हाला हसू यायचं. आम्हाला काय, दाखवलेलं काय नि न दाखवलेलं काय! दर वर्षी तेच. मी डोलवीला लागलो तरी तेच चालू होतं."

समोर बसलेली अनिता तिखट तोंडाची. तिनं कपाळाला हात लावला. "काय गो बाई माणूस तरी! रोह्यात राहून दीड तासाच्या वाटेवर जाववलं नाय त्याला? कोण म्हणायचा हा दगड?"

दोघंतिघं हसले. रोह्यात असा कोण असेल, यावर कुणी काही, कुणी काही बोलू लागलं. केरू जाळाकडे बघत होता. गप्प राहणं सोपं होतं. बावीस वर्षं तेच केलं होतं आणि कुणी विचारलं नव्हतं.

"मी," तो म्हणाला.

कुणाला ऐकू आलं नाही. त्यानं काठी खाली टाकली. "अनिता, तो दगड मी. गोविंदा माझा सख्खा भाऊ. भर शेतात त्याचा अपमान करून आलो आणि परत गेलो नाय. तो गेला तेव्हा पण नाय गेलो." मग तो बायकोकडे वळला. "सरू, मी तुला खोटं बोललो. पेणच्या स्टँडवरून परत आलो मी."

 सरूनं पदर नीट केला आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू इतक्या वर्षांत हा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला. अनितानं मान खाली घातली. 

केरूला रडू येत होतं आणि स्वतःचा भयंकर राग येत होता. दादा रागावला असता तर किती बरं झालं असतं! रागावलेल्या भावाला विसरता येतं. हा वेडा दर वर्षी मडक्यावर बोट ओढत बसला होता.

"यंदा?" त्यानं निकेशला विचारलं. "यंदा लावली का वयनीनं?"

निकेश घुटमळला. "लावली. पंधरा दिवसांपूर्वी मी होतो तिथं."

"दोन?"

"एकच, काका. हर्षदनं लहान मडकं काढून ठेवलं होतं. काकी म्हणाली, 'राहू दे. वाट बघणारा गेला.'"

केरूनं मान हलवली. मग काहीतरी करायला हवं म्हणून त्यानं ओंजळीतलं पाणी मडक्यावर शिंपडलं. चुर्र झालं आणि पाणी जागच्या जागी आटलं. पोपटी झाली होती. त्यानं निखारे बाजूला सारले, फडक्यानं मडकं धरून तोंडाचा पाला काढला आणि सगळं केळीच्या पानांवर ओतलं. वाफेबरोबर ओव्याचा आणि पाल्याचा वास आला. तोच वास, वडमाळच्या शेतातला.

पहिली मूठ नव्या माणसाची, ही मंडळीची रीत. केरूनं शेंगा पानावर घेतल्या आणि निकेशपुढं धरल्या. 

निकेशनं पान घेतलं.  मग तो उठून केरूजवळ येऊन उकिडवा बसला आणि पान त्याच्यापुढं केलं. लहानपणापासून ऐकलेलं तेच त्याच्या तोंडी आलं.

"घ्या काका. ह्यातलं कुणाला दाखवलेलं नाय. खुशाल खा."

केरूनं दोन्ही हात पुढं केले.