उत्तरेच्या भिंतीपाशी

शारजा औद्योगिक क्षेत्रात हमदुल्लाचं वर्कशॉप आहे. तिथे तो इमारतींच्या छोट्या प्रतिकृती करतो: टॉवर, व्हिला, मशिदी, बिल्डरला काचेखाली ठेवायचं असेल ते. तो रत्नागिरीकडचा. मी पुण्याच्या एका ऑफिसात नकाशे ट्रेस करण्यात नोकरी संपवली आणि आता दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मुलाकडे राहतो. हमदुल्लाची व्हॅन आठवड्यातून तीनदा मला घेऊन जाते. मी तिथे काही उपयोगाचा आहे का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. तो हो म्हणेल की नाही, याची खात्री नव्हती.

जानेवारीत तो म्हणाला, "काका, ते इंग्लंडच्या चर्चवालं पुस्तक अजून आहे ना तुमच्याकडे? एक गोरी आजी आलीय. पंचेचाळीस सालं झाली दुबईत, आपल्यापेक्षा सीनियर. तिला गावचं चर्च बनवून पाहिजे."

पुस्तक होतं. नॉरफक परगण्यातल्या गावोगावच्या चर्चेसची जुनी मार्गदर्शिका. मी इंग्लंड पाहिलेलं नाही, पण गारगोटीच्या भिंती आणि गोल मनोरे वाचून वाचून पाठ झालेत. कोपऱ्याला लागणारा घडीव दगड त्या भागात मिळत नसे, म्हणून मनोरे गोल बांधले, असं म्हणतात.

बाई आंधळ्या होत्या. काठी गुडघ्यांत धरून त्यांनी सावकाश इंग्रजीत सांगितलं. त्यांचा भाऊ जन्मल्यावर दोन दिवसांनी गेला. बाप्तिस्मा व्हायचा राहिला होता, म्हणून त्याला चर्चच्या उत्तरेला, सावलीच्या अंगाला पुरलं. वर दगड नाही. आईने जागा दाखवली होती: बुजवलेल्या उत्तर दारापासून मनोऱ्याकडे तीन पावलं. आता चर्चचं छप्पर कोसळलंय आणि डॉक्टर त्यांना विमानात बसू देत नाहीत.

"मला एकदा तिथे बोट ठेवायचंय," त्या म्हणाल्या. "दुसरं काही नको."

नेटवर फक्त वेलींत बुडालेल्या मनोऱ्याचा एक फोटो मिळाला, आणि गोल मनोरा कुठूनही सारखाच दिसतो. आराखडा माझ्या पुस्तकातच होता. मी तो ट्रेस केला. हमदुल्लाने भिंतींना रास अल खोरहून आणलेली बारीक खडी चाळून लावली, भोवती हिरवं गवत पसरलं, आणि मी सांगितलेल्या जागी डाळीएवढा एक दगड बसवला.

"बघा काका, एकदम फर्स्ट क्लास. वेदी पश्चिमेला, जिथे पाहिजे तिथे."

मी मान हलवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी जुम्म्याला सगळे मशिदीत गेले की तासभर मी एकटा असतो. त्या शुक्रवारी मशिनं बंद होती आणि प्रतिकृतीकडून नखाने लाकडावर टिचकी मारावी तसा आवाज आला. जवळ गेलो. उत्तरेच्या भिंतीपाशी, वेदीच्या टोकाला, गवतात एक खळगा पडला होता. करंगळीचं टोक बसेल एवढा. दगडापासून बराच दूर. गोंद सुटला असेल, असं म्हणून मी तो बुजवला.

पुढच्या शुक्रवारी तो परत होता. तिसऱ्या शुक्रवारीही. मी दर वेळी बुजवत गेलो आणि कुणाला बोललो नाही. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतील, ही भीती. शिवाय मलाही ते अधूनमधून खरं वाटत होतं.

तिसऱ्या शुक्रवारी घरी येऊन मी पुस्तक उघडलं, खळग्याची जागा आराखड्यात शोधायला. पाहतो तर मनोरा पश्चिमेला आणि वेदी पूर्वेला. प्रतिकृतीत नेमकं उलट.

चूक कशी झाली ते क्षणात कळलं. आमच्या ऑफिसात पेन्सिल ट्रेसिंग पेपरच्या एका बाजूला आणि शाई दुसऱ्या बाजूला मारायची पद्धत होती, म्हणजे पेन्सिल पुसताना शाई जात नाही. प्रिंट काढताना कागद पुन्हा उलटायचा. तेच मी विसरलो, आणि दिशांची अक्षरं त्या उलट्या चित्रावरच लिहून मोकळा झालो. पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. निदान कुणी दाखवलं नव्हतं. आणि हमदुल्लाने जन्मभर मशिदी केल्या. इथून किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, पश्चिमेकडे, गावाहूनही पश्चिमेकडेच. वेदी पश्चिमेला बघून त्याला खटकणार कसं?

खरा आराखडा समोर ठेवून, दिशा धरून मी मोजलं. पश्चिमेच्या टोकाला, प्रतिकृतीत जिथे वेदी होती आणि खळगा पडत होता, तीच बाळाची जागा होती.

बाई सोमवारी येणार होत्या. शनिवारी मी फोन उचलला आणि ठेवला. रविवारीही. सोमवारी व्हॅनमध्ये बोलणार होतो, तर हमदुल्ला आनंदात होता. "काका, आज आजी रडणार बघा. टिश्यू घेतलाय मी."

बाईंना खुर्चीत बसवलं. त्यांची बोटं रस्त्यावरून फाटकातून आत गेली, मनोऱ्याशी थबकली, मग भिंतीमागे उतरली. बुजवलेलं दार सापडलं. एक, दोन, तीन. बोट दगडावर आलं आणि थांबलं.

मग म्हणाल्या, "इथे कुणी नाही."

हमदुल्लाने माझ्याकडे पाहिलं. आताही गप्प बसलो असतो तर त्या घरी गेल्या असत्या, आणि दोष त्यांच्या आठवणीला गेला असता.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो. "नकाशा माझ्याकडून उलटा पडला. पूर्वेचं पश्चिमेला गेलं. मला शुक्रवारपासून माहीत आहे."

"काका," हमदुल्ला हळूच म्हणाला, "तीन दिवस? व्हॅनमध्ये आपण क्रिकेटवर बोललो."

मी बाईंचा हात धरला. हात थंड होता. भिंतीच्या कडेने तो दुसऱ्या टोकाला नेला. शुक्रवारी मी तिथे गवत दाबून सपाट केलं होतं, त्यावर गोंदाचे दोन हात दिले होते. बोट आपोआप आत गेलं. खळगा होता.

"हा कुणी केला?"

"माहीत नाही. मी तीनदा बुजवला."

"आईही बुजवायची," त्या म्हणाल्या. "दर रविवारी. मग एका रविवारी तिने सोडून दिलं. म्हणाली, त्याला उघडंच हवं असेल."

त्यांचं बोट तिथेच राहिलं. हमदुल्लाने टिश्यूचा डबा पुढे केला, पण त्या रडत नव्हत्या. शेवटी त्यातला एक त्याने स्वतःच घेतला.

त्याने नवी, सुलट प्रतिकृती करून देतो म्हटलं. बाईंनी नको म्हटलं. जाताना त्यांनी मला एवढंच सांगितलं की प्रतिकृती गाडीत ठेवण्याआधी तिथे काही भरू नका.

मी भरलं नाही. उचलताना माझा अंगठा खळग्याच्या कडेवर आला होता. आतून कुणीतरी तो धरल्यासारखं वाटलं, अगदी हलकं, तान्हं मूल धरतं तसं. वाटलं, एवढंच म्हणतो. माझ्या वाटण्यावर किती विसंबावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.