माद्या बदलून बघा

एकोणचाळीस अंश. दोरीनं बांधलेलं गार कपाट, कारण दार लागत नाही. काचकारखान्यातली, कधीच विझू देत नाहीत अशी भट्टी. सासूच्या ट्रंकेत अकरा वर्षं घडी न मोडलेलं झबलं. बेशुद्ध माशी उलटी करायचा मऊ ब्रश. माशीत पोटाच्या बुडाशी काळा तो नर.

हे सगळं एकाच बाईच्या वाट्याला आलं होतं. प्रयोगशाळेत तिला माशीताई म्हणत. फळमाश्या तापवायच्या आणि तगतील त्यांचीच पुढची पिढी वाढवायची, हे तिचं काम. विसाव्या पिढीपर्यंत माद्या उष्णतेला सरावल्या. तापून उठल्या, न तापवलेल्या गार नरांत सोडल्या, की मुकाट अंडी घालत. त्यातून अळ्याही निघत. तापलेले नरही तगायचे. गार माद्यांमागे पंख थरथरवत फिरायचे, तोरा तर विचारूच नका! पण त्यांच्या काचेच्या नळ्यांत औषधालाही अळी दिसेना.

"माद्या बदलून बघा," साहेब म्हणाले.

तिनं तीनदा बदलल्या. नळ्या रित्या त्या रित्याच.

"साहेब, खोट नरांत आहे."

"अहो, चांगले ठणठणीत फिरतायत की!"

पुढं एका संध्याकाळी तिनं नवऱ्याचं ताट वाढलं. तो काचकारखान्यात भट्टीवर कामाला होता.

"एकदा तपासून घ्या. नाहीतर बदली मागा, भट्टीपासून लांब, पॅकिंगला."

"मी? लोक भोवळ येऊन पडतात तिथं बारा वर्षं उभा आहे मी. मला काय धाड भरलीय?"

"उभं राहणं वेगळं."

"माश्यांची अक्कल मला शिकवू नकोस!"

आतून सासू कडाडली, "वांझ ती वांझ, वर तोंड चालवते! दुसरी बघू त्याला."

रडायचं सोडून तिला हसू फुटलं. "आई, आमच्या साहेबांची बहीण शोभता."

वर्षाच्या आत दुसरी आली.

तीन वर्षांनी बायकांच्या दवाखान्यासमोर बसची वाट बघताना माशीताईला त्या दोघी दिसल्या. नव्या सुनेच्या हातात तपासण्यांची जाडजूड फाईल होती. सासूनं मान फिरवली.

"काय आई, तिसरी बघताय की नाही?"

सासू झपझप पुढं गेली. नवी सून तेवढी बघत राहिली, आणि बस आली.

विसाव्या पिढीतले ते नर आठ दिवस गार कपाटात ठेवल्यावर नळ्यांत अळ्या वळवळल्या होत्या. पॅकिंगचा विषय तिनं त्याच संध्याकाळी काढला होता.