चाल निसटण्याआधी

मेंदूत रक्ताची गुठळी झाल्यापासून मामांना जुनी गाणी सगळी आठवत, पण नवं काही डोक्यात टिकत नसे. आणि नेमक्या आजारपणानंतरच त्यांना नव्या चाली सुचायला लागल्या होत्या. रविवारी तालमीला की-बोर्डवर बसले की अशी एखादी चाल वाजवत की ऐकणाऱ्याने श्वास रोखून धरावा. चहा पिऊन होईपर्यंत ती त्यांच्या डोक्यातून साफ पुसलेली असे.

भाची त्यांच्याच बँडमध्ये ड्रम वाजवायची. तिने फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं. ड्रमचा पहिला ठोका पडला की आवाज फाटायचा, की-बोर्ड त्याखाली गडप. ड्रम थांबवावेत तर ठेक्याशिवाय मामांची बोटं हलत नसत. डॉक्टर म्हणाले होते, "पुढे बोटंही साथ सोडतील. कधी, ते सांगता येत नाही."

शनिवारी ती रेकॉर्डर घ्यायला कामावरून तडक दुकानात गेली.

"हा घ्या, स्वस्त आणि मस्त," दुकानदार म्हणाला. "पोरं लेक्चरला नेतात."

तिने पिशवीतून ड्रमच्या काठ्या काढल्या. "याच्यापुढे वाजवून बघू?"

"बघा. काच फोडू नका म्हणजे झालं."

त्याचाही आवाज फाटला. दुसरा छान होता, पण किंमत ऐकून तिने तो मुकाट्याने खाली ठेवला. "याच्याहून स्वस्त काहीच नाही का हो? घरी माणूस आजारी आहे माझं."

आजारी माणसाचा आणि रेकॉर्डरचा काय संबंध ते दुकानदाराला कळलं नाही, पण त्याने मागच्या फळीवरून एक जुना काढला. बॅटरीचं झाकण चिकटपट्टीने लावलेलं. बाजूला मात्र आवाज कमी-जास्त घ्यायचं चाक होतं. तिने ते कमी करून जीव खाऊन ठोके मारले. ऐकलं तर ठोका स्वच्छ, मागे पंख्याची घरघरसुद्धा.

"हाच द्या."

"माहितीपत्रक नाही याचं. आणि परत घेणार नाही हं."

रविवारी टायरच्या गोदामामागच्या खोलीत तिने रेकॉर्डर ड्रमपासून लांब, स्टुलावर ठेवला. लाल बटण दाबलं, दिवा लुकलुकू लागला. मामा वाजवू लागले. तशी चाल त्यांनी कधीच वाजवली नव्हती. गाणाऱ्या मामी शब्दांवाचून नुसत्याच गुणगुणू लागल्या. एरवी तोंड बंद न ठेवणारा लंबूही बडबड सोडून बेस गिटारवर सूर धरू लागला.

संपल्यावर तिने धावत जाऊन रेकॉर्डर उचलला. आत काहीच नव्हतं.

लंबूने तो हातात घेऊन पाहिला. "अगं, दिवा लुकलुकतोय म्हणजे तो नुसता तयार आहे. बटण दोनदा दाबायचं असतं."

ती मामांकडे वळली. "मामा, पुन्हा वाजवा ना. आत्ताचीच."

"आत्ता काय वाजवलं मी?" मामा एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. आपलंच काहीतरी चुकलंय असं त्यांना वाटत होतं.

"ओरडू नकोस गं त्यांच्यावर," मामी म्हणाल्या.

"मी ओरडत नाहीये!" ती ओरडली, आणि ड्रमच्या मागे जाऊन रडत बसली.

थोड्या वेळाने लंबूने बेसवर आपल्या वाट्याचे सूर वाजवले. तेवढेच त्याला आठवत होते. मामींनी मधली एक ओळ गुणगुणली, अडखळल्या, पुन्हा धरली. भाचीने डोळे पुसले, बटण दोनदा दाबलं, दिवा स्थिर झालेला पाहिला आणि ठेका धरला.

मामांनी थोडा वेळ मान डोलावली. मग बोटं पट्ट्यांवर टेकवली. चाल त्याच वळणाने निघाली आणि पुढे भलतीकडेच गेली.

ही ती चाल नव्हती. ती आता कोणालाच सापडणार नव्हती. मामींनी भाचीकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली, पण ठेका सोडला नाही. मामा डोळे मिटून वाजवत राहिले.