वनिताचे नातेवाईक

भिसेगावातल्या एका तीन मजली इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर, वनिता एकटी राहायची. एक खोली, स्वयंपाकघर आणि भाडं साडेआठ हजार. शेजारी तस्लीमभाभींचं पाच जणांचं कुटुंब तेवढ्याच जागेत सात हजारांत राहत होतं. वरच्या दीड हजारांचं काय, असं विचारल्यावर घरमालक रोहिदास म्हणाला होता, "एकट्या बाईची जबाबदारी मालकावर येते." त्या जबाबदारीपोटी त्यानं आजवर गळका नळसुद्धा दुरुस्त करून दिला नव्हता. वनिता लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढायची, पगार एकोणीस हजार. भाडं वाटून घ्यायला दुसरं कुणी नाही. पहिल्या तारखेला पगार आला की जवळजवळ अर्धा रोहिदासच्या घशात.

तेही तिनं सोसलं असतं. पण दिवाळीच्या आधी तिची आई पारू कोंडाण्याच्या वरच्या वाडीतून आली. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या रात्री ती लेकीकडे राहिली. सकाळी रोहिदास दारात हजर. गडी सोसायटीचा चेअरमनही होता, आणि नियम त्यानंच करून घेतला होता: एकट्या भाडेकरूकडे कुणी रात्री मुक्कामाला राहिलं तर माणशी पाच हजार दंड, तो फ्लॅटमालकानं भरायचा. "मी भरतो, पण तुमच्या डिपॉझिटमधून कापतो," तो म्हणाला. वर हसलाही.

पारूनं सगळं ऐकलं. डोळ्यावर पट्टी, हातात पिशवी, म्हातारी उठलीच. "नको गं तुला माझ्यापायी तरास." सहा आसनी रिक्षात बसून धूळ खात ती परत गेली. डोळा लाल झाला, दहा दिवस पाणी वाहत राहिलं. दुसऱ्या डोळ्याचं नाव काढलं की म्हणायची, "येका डोल्यानं दिसतंय, तेवढं पुरं हाय." वनिता दर शनिवारी तिला बघायला वाडीवर जायची आणि रविवारी संध्याकाळी परतायची. रोहिदास शुक्रवारी आठवणीनं विचारायचा, "उद्या जाणार ना? जा, जा. आईला बरं वाटतं." वनिताला वाटायचं, मेल्याला निदान लाज तरी आहे.

लाज कसली! एका सोमवारी तस्लीमभाभींनी तिला मोबाईल दाखवला. "ही गोधडी तुझीच ना गं?" फोटोत वनिताचा पलंग होता आणि त्यावर आईनं शिवलेली गोधडी. खाली लिहिलेलं: शनिवार-रविवार, सहकुटुंब, पारंपरिक गोधडीसह घरगुती मुक्काम. एका रात्रीचे साडेतीन हजार.

वनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उशीखाली सापडलेली लहान पोरीची क्लिप, झपाट्यानं संपणारं तेल, भलत्याच जागी ठेवलेला कुकर, सगळ्याचा उलगडा झाला. जिनं गोधडी शिवली तिला हाकललं, आणि गोधडी दाखवून हा पैसे उकळतोय! तिला वाटलं, आत्ता जावं आणि त्याच्या थोबाडीत द्यावी. पण थोबाडीत दिलेली दोन दिवसांत विसरली जाते. याला जन्मभर आठवलं पाहिजे.

ती आधी खाली गेली आणि वॉचमनची वही बघितली. सोसायटीत पर्यटकांना जागा द्यायला बंदी होती. म्हणून रोहिदासनं आपल्या गिऱ्हाइकांची नावं वहीत लिहायला लावली होती ती अशी: वनिताचे काका, वनिताची मावशी, वनिताचे आतेभाऊ. दिवाळीपासून चौतीस माणसं. ती वही मिटून वनिता पहिल्यांदा मनापासून हसली.

पुढच्या शनिवारी ती नेहमीसारखी वाडीवर गेली. आईला म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चल. सोमवारी दुसरा डोळा करायचा." पारू घाबरली. "आन तो मालक?" वनिता म्हणाली, "त्याचं मी बघते."

रविवारी दहाला इमारतीच्या पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग भरली होती. वनितानं आईला फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीत बसवलं आणि आधी वर गेली. तिच्या स्वयंपाकघरात मालाडची एक बाई तिच्याच कढईत पोहे परतत होती. वनिता तिच्यावर चिडली नाही. ती बिचारी पैसे मोजून आली होती. "दोन मिनिटं खाली येता का?" एवढंच म्हणाली. बाई हातातल्या उलथन्यासकट तिच्यामागे उतरली.

"मला कबुली द्यायचीय," वनिता सगळ्यांसमोर वॉचमनची वही उघडून म्हणाली. "माझ्याकडे दर शनिवारी नातेवाईक मुक्कामाला राहतात. चौतीस जण झाले. नियमानं माणशी पाच हजार, म्हणजे एक लाख सत्तर हजार. दंड फ्लॅटमालकानं भरायचा. चेअरमनसाहेब, लावा दंड."

रोहिदासचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, ते हिचे नातेवाईक नाहीतच!"

"मग कुणाचे?" तस्लीमभाभींनी विचारलं.

रोहिदास पुरता अडकला. नातेवाईक आहेत म्हणावं तर दंड, नाहीत म्हणावं तर धंदा उघडा. तेवढ्यात उलथन्याची बाई म्हणाली, "आम्ही तर यांनाच पैसे दिलेत. चावीपण यांनीच दिली."

मग जो गलका उठला! चौतीस जणांचा दंड कायम झाला, पाहुण्यांचा नियम रद्द झाला, चेअरमनपद गेलं. वनिताचे पाच हजार परत करायचे आणि भाडं सगळ्यांसारखं सात हजार घ्यायचं, हेही तिथंच लिहून घेतलं. कुणीतरी म्हणालं, दंड निम्मा करू या. "एक रुपयाही कमी नाही," वनिता म्हणाली. रोहिदासनं हात जोडले. तिला त्याची कणभरही दया आली नाही, उलट फार बरं वाटलं.

"जबाबदारीचे दीड हजार दर महिन्याला दिलेत तुम्हाला," ती म्हणाली. "आज ती जबाबदारी दाखवा. माझी आई फाटकाशी बसलीय. तिची पिशवी वर न्या."

सगळी इमारत बघत होती. रोहिदासनं पिशवी उचलली. पिशवीत तांदूळ होते, वाल होते, पाटासुद्धा होता की काय कोण जाणे. तीन मजले चढून तो दारात घाम पुसत उभा राहिला. पारूला एका डोळ्यानं जेमतेम दिसत होतं, आणि दंड लावला त्या सकाळी डोळ्यावरच्या पट्टीमुळे तिनं मालकाचं तोंडही धड पाहिलं नव्हतं. तिनं कनवटीची दहाची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली.

"घे रं बाबा, चा पी. लय वझं व्हतं."

जिन्यात माणसं उभी होती. रोहिदासनं वनिताकडे बघितलं.

"घ्या," वनिता म्हणाली. "आईनं दिलेल्याला नाही म्हणू नये."

त्यानं नोट खिशात घातली आणि खाली मान घालून जिना उतरला. मालाडची मंडळी सामान घेऊन गेल्यावर वनितानं पलंगावरची गोधडी झटकली, साबणाच्या पाण्यात बुडवली आणि आईसाठी चहा टाकला.