पान एकशे बारा आणि धोंडबाची चिठ्ठी

मला उघडून जरा झटकलंत, मित्रांनो, तर अजूनही पीठ निघतं. बावीस वर्षं झाली त्याला. मी एक जुनी रहस्यकथा आहे. पुठ्ठ्यात शिवलेली, कोपरे झिजलेली, पोटात दोनशे चार पानं. माझ्यातली कथा लेखकानं लिहिली. माझी स्वतःची मात्र कोणी लिहिली नाही, म्हणून आज मीच सांगते.

नागपुरात, महाल भागातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. कागद इतका स्वस्त की एका बाजूची शाई दुसऱ्या बाजूला डोकावे. चित्रकारानं मुखपृष्ठावर एक कासारीण काढली आणि कथेत कुठंही नसलेलं एक भिंग तिच्या हातात देऊन टाकलं. ती माझी सकवारबाई. बाजारात बसून बांगड्या भरणारी. तिच्याकडे पिस्तूल नाही की मोटार नाही. हातात हात घेऊन बांगडी चढवता चढवता ती समोरचीचं मनगट वाचते. कोण घाबरलंय, कोण उपाशी आहे, कोणाच्या हातावर कालचा मार आहे, ते तिला कळतं. आणि त्यातूनच ती गावातल्या चोराच्या दारापर्यंत पोहोचते.

सीताबर्डीत कापडदुकानाच्या बाजूच्या जिन्यानं वर गेलं की मनोहररावांचं वाचनालय होतं. जाडजूड ग्रंथ नजरेसमोरच्या फळीवर, आणि मी खाली, दाराजवळ, चपलांच्या शेजारी. कोणी मला मागितलं की मनोहरराव चष्म्यावरून बघत म्हणत, "घ्या, डोक्याले ताप नाही हिचा." पण माझ्यावर चिकटवलेला तारखांचा कागद त्यांना तीनदा बदलावा लागला.

लोक मला का नेतात, याचं मलाच नवल वाटे. माझ्यात ना राजवाडा, ना रक्ताचा सडा. खूप दिवसांनी उमगलं. शिंप्याची बायको मला वाची, तेव्हा सकवारबाईच्या जागी ती स्वतःला बसवी. पोस्टमनला वाटे, आपणही रोज शंभर दारं बघतो की! रोजच्या कामानं शिणलेल्या माणसाला मी हळूच सांगत असे, की तुझ्या या कामातच एक डोळा दडलेला आहे, तो उघडून बघ. आणि शेवटी गल्लीचं विसकटलेलं सगळं जागेवर येई, सगळ्यांना चहा मिळे. एवढंच माझं बळ. पण हे सगळं कागदावरचं. खरी सकवारबाई मी कधी पाहिली नव्हती.

ती मला अडुसष्ट साली भेटली. प्रयागबाई तिचं नाव. जरीपटक्याच्या बाजारामागं तिची पिठाची चक्की होती. नवरा कापडाच्या गिरणीत पाळीवर जाई, चक्की ती चालवी. छप्पन साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर घरात पाटी आली आणि तिशीतल्या प्रयागबाईनं मुलांच्या बरोबरीनं अक्षरं गिरवली. एकदा वाचता यायला लागल्यावर ती थांबेच ना. चक्कीच्या पट्ट्याचं सामान घ्यायला सीताबर्डीत आली की माझ्यासारखं एखादं पुस्तक पिशवीत घाली.

चक्कीतलं वाचन म्हणजे काय सांगू! पट्टा फटफट करतोय, दगड घुमतोय, भिंत थरथरतेय, आणि ही एका हातानं पीठ चाचपत दुसऱ्या हातात मला धरून उभी. भुवया पांढऱ्या, ओठ पांढरे, नुसते डोळे काळे. वाचून कंटाळली की त्या गडगडाटातच गुणगुणे:

दाणा दाणा बाई, बोले दगडाच्या कानी,
कोण्या शेतचा पाहुणा, पीठ सांगते गं राणी.

आणि ते नुसतं गाणं नव्हतं. चिमूटभर पीठ अंगठा आणि बोटात चोळून ती गहू कुठला ते सांगे.

तिच्या चक्कीत रांग माणसांची नसे, पिप्यांची असे. तेलाचे रिकामे पत्र्याचे पिपे लोक धान्यानं भरून आणत, रांगेत ठेवत आणि बाजाराला निघून जात. प्रयागबाई झाकणावर नावाची चिठ्ठी ठेवी. त्या चिठ्ठीवर सगळ्यांचा इतका भरवसा की स्वतःचा पिपा कोणी उघडूनही बघत नसे.

दसरा होऊन गेला होता. सकाळी अंजनाबाई गव्हाचा पिपा डोक्यावर घेऊन आली. ती सिंधूताईंकडे अकरा वर्षं स्वयंपाकाला होती. सिंधूताई बहिणीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला गेल्या होत्या, घरातलं पीठ संपलं, म्हणून तिनं आपल्या मनानंच दळण आणलं. थोड्या वेळानं नरखेडकडचा एक शेतकरी आला, धोंडबा. कामठीच्या मेहुण्याकडून बियाण्याचा गहू घेऊन निघाला होता. "बाई, पंपाचं वायसर घेऊन येतो, तवरिक हे राहू द्या. दळू नोका बरं, पेरायचं हाय!" प्रयागबाईनं चिठ्ठी लिहिली, 'धोंडबा, नरखेड. दळू नये.' दोन्ही पिपे एकाच छापाचे, शेजारी शेजारी.

आणि मी? मी तिच्या हातात, एकशे बाराव्या पानावर. सकवारबाई चोराचं मनगट धरते, ते पान. पट्ट्याच्या वाऱ्यानं दोन चिठ्ठ्या खाली पडल्या. प्रयागबाई वाकली, नजर माझ्यावरच. एक चिठ्ठी तिनं हाताला लागेल त्या पिप्यावर ठेवली. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, तेव्हा खूण राहावी म्हणून दुसरी चिठ्ठी माझ्या पानात घातली आणि मला मिटलं. दुपारी मी पुन्हा उघडले गेले, ती पुढचं वाचण्यात गुंग असताना धोंडबा धावत आला. "गाडी सुटून राहिली, माहा पिपा?" मान वर न करता तिनं बोट दाखवलं, "तो, कोपऱ्यातला." धोंडबानं तो उचलला आणि गेला. संध्याकाळी अंजनाबाई चिठ्ठीवाल्या पिप्यातलं दळण घेऊन घरी गेली.

मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. चिठ्ठी माझ्याच पोटात होती. दोनशे चार पानं मी बोलू शकते, पण त्या एका चिठ्ठीबद्दल एक शब्दही बोलता येईना.

चार दिवसांनी सिंधूताई चक्कीत आल्या. मागं अंजनाबाई, डोक्यावर दळून नेलेला पिपा, डोळे सुजलेले. सिंधूताईंनी गावाला जाताना आपल्या सोन्याच्या पाटल्या फडक्यात बांधून गव्हाच्या पिप्यात तळाशी ठेवल्या होत्या. चोराला धान्यात हात घालायचं सुचत नाही, म्हणून कित्येक बाया तसं करतात. सांगितलं मात्र कोणालाच नव्हतं.

"प्रयागबाई, खरं सांगा. हिच्या दळणात माझ्या पाटल्या होत्या का?"

"सोनं दगडात गेलं असतं तर दगड किंचाळला असता, ताई. नाही गेलं."

"ऐकलंस, अंजना? म्हणजे इथं यायच्या आधीच काढलंस तू!"

"अकरा वर्षं तुमच्या चुलीपाशी उभी आहो मी, ताई," अंजनाबाई म्हणाली. "साखरेचा दाणा तरी हालला का?"

पिपा ठेवायला आलेली जिजाबाई हसली. "मंग काय सोन्याले पाय फुटले वं?"

"उद्या पोलिसात जाते मी," सिंधूताई म्हणाल्या. "आणि या वस्तीत एकाही घरात हिला पाय ठेवू देणार नाही."

अंजनाबाईला पिपा खाली ठेवायचंही भान नव्हतं. प्रयागबाईनंच तो उतरवून घेतला. झाकण काढून तिनं नेहमीच्या सवयीनं पीठ चिमटीत धरलं, चोळलं. पुन्हा चोळलं.

"ताई, गहू कुठला होता तुमचा?"

"रेशनचा. लाल. काहून?"

"हा बन्सी आहे. पिवळा, रवाळ. हा रेशनच्या पोत्यात जन्मात सापडायचा नाही."

"म्हणूनच!" अंजनाबाईला एकदम वाचा फुटली. "पोळ्या पिवळ्या येऊन राहिल्या चार दिवस. तुमच्या साहेबांनी चार चार खाल्ल्या!"

"रेशनचा गहू घेऊन बन्सी देणारा कोण हाय वं तो?" जिजाबाई म्हणाली. "मलेही पत्ता द्या त्याचा!"

माझी पानं शहारली. भिंग नाही, पिस्तूल नाही, दोन बोटांत चिमूटभर पीठ! लेखकानं माझ्यात जे शाईनं लिहिलं होतं, ते माझ्यासमोर हाडामांसाचं उभं होतं. प्रयागबाईचा चेहरा उजळला. म्हणजे पिपाच बदलला! हे तर पुस्तकातल्यासारखंच झालं! तिनं हसत मला उचललं. "पाहा ना ताई, याच्यात अशीच एक बाई आहे..." म्हणत एकशे बारावं पान उघडलं.

चिठ्ठी तिथं होती. 'धोंडबा, नरखेड. दळू नये.' तिच्याच अक्षरात.

हसू ओठावरच राहिलं. तिनं चिठ्ठीकडे पाहिलं, मग दाराबाहेर. समोरच्या बाजूला गेल्याच महिन्यात नवी चक्की सुरू झाली होती. पिप्यांची रांग चिठ्ठीच्या भरवशावर उभी असते, आणि एकदा तो भरवसा गेला की रांग रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो? मला मिटायचं, एवढंच तिला करायचं होतं. मी मिटले असते. मी कोणाला सांगणार होते?

माझ्या लेखकानं सकवारबाईला नेहमी दुसऱ्याचाच गुन्हा शोधायला दिला. स्वतःचा शोधायची वेळ तिच्यावर त्यानं कधी आणलीच नाही.

प्रयागबाई उठली. तिनं बटण दाबून चक्की बंद केली. पट्टा थांबला, दगड थांबला. इतकी शांतता मी त्या चक्कीत कधी ऐकली नव्हती. रस्त्यावरची माणसंही वळून पाहू लागली.

"चूक माझी आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पिपे मीच बदलले. वाचता वाचता माझं लक्ष नव्हतं. सिंधूताईंचा पिपा नरखेडला गेला. अंजनाबाईनं काही केलं नाही. तिनं तर काही पाहिलंही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी एसटीनं निघाल्या. मीही होते, प्रयागबाईच्या पिशवीत. चक्की बंद. खिडकीबाहेर संत्र्यांच्या बागा सरकत होत्या आणि तिघींच्या डोक्यात एकच घोर होता. धोंडबानं गहू पेरला असला तर? पिपा दुसऱ्या कोणाला दिला असला तर?

धोंडबाचं घर विचारत विचारत सापडलं. पिपा माळ्यावर होता. बियाण्याला कीड लागू नये म्हणून त्यानं घरी पोहोचल्याबरोबर, उघडून न बघता, झाकण शेणामातीनं लिंपून टाकलं होतं. त्यानं लिंपण फोडलं, आत पाहिलं आणि मागं सरला.

"आरं बापा! माहा बन्सी कुठी गेला? हा लाल कायचा?"

सिंधूताईंनी कोपरापर्यंत हात घातला. तळाशी चाचपलं. हात वर आला तेव्हा मुठीत फडकं होतं.

"म्हंजे मी सोनं पेरणार होतो वं माय!" धोंडबा खाली बसला. "आन माहं बियाणं?"

"खाल्लं, भाऊ," अंजनाबाई म्हणाली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली. "साहेबांनी. चार चार पोळ्या."

"एक पोतं हाय अजून, म्हणून बरं. नाही तं तुमच्या साहेबालेच पेरलं असतं!"

सगळे हसले. सिंधूताई हसता हसता रडू लागल्या. परत येताना बसमधून उतरल्यावर गव्हाचा पिपा उचलायला अंजनाबाई वाकली, तर सिंधूताईंनी तिचा हात बाजूला केला. जन्मात ज्या डोक्यावर घागर चढली नव्हती, त्या डोक्यावर त्यांनी तो पिपा घेतला आणि भर बाजारातून घरापर्यंत नेला. अंजनाबाई रिकाम्या हातानं पुढं चालत होती.

तरी ती त्या घरी परत कामाला गेली नाही. प्रयागबाईकडे चक्कीत आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं चिठ्ठ्याच बंद केल्या. ज्याचा पिपा त्याच्या घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी कडीला बांधायची. वाऱ्यानं उडत नाही, चुकत नाही. आणि रांग? रस्ता ओलांडून गेली नाही, मित्रांनो. उलट समोरून इकडं आली. आपली चूक चक्की बंद करून सांगते, अशा बाईकडे दळण टाकायला लोकांना बरं वाटे.

मनोहररावांनी मला परत घेतलं तेव्हा टेबल पांढरं झालं. पुढं कित्येक वर्षं मी हिंडले. मग शहरात टीव्ही आला, जिना चढणारे पाय कमी झाले, वाचनालय मिटलं. आम्ही सुतळीनं बांधले गेलो. माझ्या पाठीवर सहा वर्षं दुसऱ्या पुस्तकांचं ओझं होतं. वाळवी शेजारच्या गठ्ठ्यापर्यंत आली आणि तिथंच कशी थांबली, देव जाणे.

एक मात्र सांगायचं राहिलं. मला परत करण्याआधी प्रयागबाईनं एकशे बाराव्या पानाच्या समासात शाईच्या पेनानं दोन ओळी लिहिल्या होत्या. धोंडबाची चिठ्ठीही तिथंच ठेवली. पुढं तीन वर्षांनी तिनं मला पुन्हा नेलं, ते स्वतःसाठी नाही. चक्कीच्या ओट्यावर तिनं मला अंजनाबाईच्या मांडीवर ठेवलं. तोवर अंजनाबाई अक्षराला अक्षर जोडू लागली होती. पिठाळ बोट समासावर ठेवून ती एकेक अक्षर उचलू लागली:

"इ-थं मा-झं ल-क्ष चु-क-लं. अं... अंज..."

ती थांबली. पुन्हा बोट मागं नेलं.

"अंजनाबाई निर्दोष आहे."

"माझं नाव पुस्तकात आहे वं, प्रयागबाई," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसण्याआधी तिनं पदरानं माझं पान पुसलं.

माझ्या शेवटच्या पानावर चोराचं नाव छापलेलं आहे. ते मी विसरले तरी चालेल. पण जुन्या पुस्तकांचा गठ्ठा रद्दीत टाकण्याआधी, मित्रांनो, एकदा पानं चाळून बघत जा. कोणाच्या तरी निर्दोषपणाचा पुरावा आत असेल, आणि पुस्तकाला तो तोंडानं सांगता येत नाही.